पयलं बोंड

परवा अकोल्याच्या प्रार्थनाघरात एक नवा उपदेशक आला होता. शिकलेला, कोटबीट घातलेला. उभा राहून सांगत होता की अकोटाकडची आमची बोरखेडीची ख्रिस्ती मंडळी अमरावतीच्या मिशनच्या साहेबानं उभी केली. मी पुढच्याच चटईवर बसली होती. मले असा राग आला की काई इचारू नका. प्रार्थना संपली तशी त्याले दारातच धरलं अन् म्हनलं, बावा, साहेबानं ती मंडळी उभी नाई केली, साहेबानं ती उचलून न्यायले गाड्या पाठवल्या होत्या. त्या गाड्या मी रिकाम्या परत लावल्या. मी म्हन्जे तानुबाई, नत्थुजी माळ्याची बायको. आता बस अन् आयक.

नवऱ्याचं नाव घेतलं म्हनून हसू नका. मंडळीत आमी एकमेकायले नावानंच हाक मारतो. सासूबाई जित्या असत्या तं जीभ हासडली असती माही.

ते साल कापसाचं. समुद्रापल्याड कुठं तरी गोऱ्या लोकायची आपसात लढाई लागली होती, तिकडचा कापूस बंद झाला, अन् विलायतेले आमचा कापूस पायजे होता. आगगाडी तवा अकोल्याले आली नवती, सारा माल बैलगाडीनंच जाये. अकोटाच्या बाजारात व्यापारी रस्त्यावर येऊन गाड्या अडवत. लोकायले याड लागलं. ज्यानं जनमभर जवारी पेरली त्यानं आंगनापर्यंत कापसाची पऱ्हाटी लावली. आमच्या रामराव पाटलानं तं गायरानबी नांगरून टाकलं, गाई कुठं चरतील हे गाईयनं पाहावं. आमी माळी, वांगे-मिरची-कांदे करनारे. लोकं मले म्हनत, तानुबाई, वांगे काय लावता, कापूस लावा. मी म्हनो, तुमी एक दिवस कापूस खाऊन दाखवा, मंग लावतो.

त्याच दिवसायत अकोटच्या बाजारात मी साहेबाच्या मिशनच्या उपदेशकाले, पुंजारामजीले, पयल्यांदा पाह्यलं. मी वांग्याची टोपली घेऊन बसली होती अन् माह्या बाजूले हा मानूस उभा राहून येशूची गोष्ट सांगत होता. कोनं तरी शेन फेकलं. ते त्याच्या पागोट्याले लागलं. त्यानं पुसलं, अन् जिथं गोष्ट तुटली होती तिथूनच पुढं सांगाले लागला. मले तो मानूस तिथंच आवडला. तो सांगत होता की देवाच्या पंगतीत सारे एका रांगेत बसतात, कोनाले उठवत नाईत. मी इचारलं, हे खरंच होते का नुसतं बोलाचं हाये? तो म्हने, अमरावतीले येऊन पाहा. मी म्हनलं, मी काहून येऊ, तुमीच आमच्या वाडीत या अन् करून दाखवा.

तो आला. अकोटाहून तीन कोस चालत आला. आमच्या वाडीत विहिरीजवळ एक खोपडं होतं, मोटेचं सामान ठेवाचं. तिथं आमी बसाले लागलो. आमी नवराबायको, माही धाकटी जाऊ अन् तिचं घर, अन् महारवाड्यातली जयवंता, तिच्या भावायचे घरं. जयवंता विधवा बाई, माह्याच वयाची, आंगानं काडी पन कामाले वाघीन. पयले ती खोपड्याच्या बाहेर बसो. मी तिले आत वढली. मले मालकीन म्हनो, ते बी मी बंद केलं. तिले तानुबाई म्हनाले लय दिवस लागले, तोंडातून निघेच ना बिचारीच्या.

पाऊस उघडल्यावर आमचा बाप्तिस्मा झाला, नाल्यातच. मंग प्रभुभोजनाचा दिवस आला. त्याले भाकर लागते, एकच भाकर, सारे तिचाच तुकडा खातात. पुंजारामजीनं इचारलं, भाकर कोनाच्या घरून येईल? नत्थुजी जमिनीकडे पाहाले लागला. मी म्हनलं, जयवंताच्या घरून. मले हेच पाहाचं होतं, बोलनं खरं का खोटं. जयवंतानं जवारीची भाकर आनली. मी पयला तुकडा मोडला अन् खाल्ला. मले काई झालं नाई. भाकरच होती. मीठ थोडं जास्त पडलं होतं, ते मी तिले मंग सांगतलं.

गावाले मात्र झालं. दिवस बुडाच्या आत साऱ्या गावात झालं की माळ्याची तानु बाटली. रामराव पाटलानं पंचायत बसवली. आमची विहीर पाटलाच्या अन् आमच्या सामाईकीत होती, एक दिवस त्याची मोट चाले, एक दिवस आमची. पाटलाचे मानसं आले अन् मोटेचा नाडा काढून घेऊन गेले. नाडा म्हन्जे मोट वढाचा दोर. तो नाई तं विहीर भरलेली असून काय कामाची. काठावर मानूस बसवला, आमच्यातलं कोनी घागर घेऊन आलं तं हाकलाले.

वाडी माह्या डोळ्यादेखत वाळली. वांग्याचे पानं आधी मुरगळले, मंग झाडंच माना टाकून बसले. आमी नाल्याच्या रेतीत झिरे खोदून पानी प्याले लागलो, जयवंताचे घरचे बी तिथंच. नालाबी आटत चालला होता. मले रडू येत नवतं, संताप येत होता. मी रोज सकाळी जाऊन त्या राखन्या मानसासमोर उभी राहो अन् काई न बोलता त्याच्याकडे पाहो. तो लेकाचा पाठ फिरवून बसे.

पुंजारामजी अमरावतीले गेला अन् साहेबाचा सांगावा घेऊन आला. सांगावा असा की तुमी सारे गाव सोडून या. मिशनच्या आवारात घरं देतो, विहीर हाये, पोरायले शाळा हाये, तिथं तुमाले कोनी छळनार नाई. दिवाळीनंतरच्या सोमवारी गाड्या पाठवतो. सारे खुश झाले. माही जाऊ तं रडाले लागली आनंदानं. नत्थुजीनं त्याच दिवशी बियान्याच्या कांद्याचं गाठोडं बांधलं.

मी म्हनलं, मी येत नाई.

पुंजारामजीनं लय समजावलं. मी त्याले इचारलं, पुंजारामजी, तुमी शेती केली का कधी? कांद्याचं रोप उपटून दुसरीकडे लावता येते, ते धरते. पऱ्हाटी उपटून कोनी लावते का? ती जिथं उगवली तिथंच वाढते, नाई तं वाळते. आमी इथं उगवलो. इथं बोरखेडीत येशूचं नाव घेनारं कोनी राहिलं नाई तं तुमी आले काहून होते, वांगे घ्यायले? साहेबाचा हुकूम होता, एवढंच तो म्हने.

जयवंता हळूच बोलली. "आपन गेलो तं गाव म्हनंल, बरं झालं, घान गेली." मंग म्हने, "पन पान्याबिगर किती दिवस काढाचे, तानुबाई?"

ते बी खरंच होतं. लेकराबाळाचे घरं, माह्या एकटीच्या हट्टावर तहानेनं मराचे नाईत. मंग असं ठरलं की गाड्या येईपर्यंत गावानं विहीर मोकळी केली तं राहाचं, नाई तं सोमवारी साऱ्यायनं गाडीत बसाचं. मीबी. मी हो म्हनलं, पन काळजाले आग लागली होती. इथली मंडळी पेटल्यापेटल्या इझनार होती अन् रामराव पाटील मिशीले तूप लावून हसनार होता.

आता वेचनीचं सांगतो, तवा कळंल.

आमच्याकडे कापूस वेचाले सुरुवात कराच्या आधी सीतादही करतात. वावराच्या धुऱ्यावर, म्हन्जे बांधावर, सात खडे मांडाचे, चुना-कुंकू लावाचं, दहीभात दाखवाचा. मंग जिचा हात चांगला समजतात ती बाई पयलं बोंड वेचते अन् तो कापूस मालकिनीच्या पदरात टाकते. त्याच्यानंतर वेचनारनी वावरात शिरतात. अन् आमच्या गावात पयले पाटलाचं वावर, मंग बाकीच्यायचं. पाटलाची सुरुवात नाई तं कोनाचीच नाई.

तो चांगला हात माहा होता. मी नवरी होऊन आली त्या साली सहज मले पुढं केलं, त्या साली कापूस लोटला, झालं. दरसाली मलेच बोलवत. मी माळीन, मिरच्या खुडून खुडून माह्या हाताचं कातडं बैलाच्या खुरासारखं झालेलं, त्याच्यात काय बरकत राहनार हाये? पन बायायच्या डोक्यात बसलं ते बसलं.

त्या साली मले कोन बोलवते. पाटलानं आपल्या भावजयीले, गोदाबाईले पुढं केलं. गोदाबाई नाजूक बाई, कधी वेचलं नवतं. वाळलेल्या बोंडाचं टोक सुईसारखं असते, ते तिच्या नखात घुसलं. पांढऱ्या कापसावर लाल रगत. वेचनारनी सात खड्यायजवळ उभ्या होत्या. त्यायनं ते पाह्यलं, कापूस भराच्या कमरेच्या ओट्या सोडल्या अन् धुऱ्यावर बसून घेतलं. त्यायच्यात गंगूबाई सगळ्यात म्हातारी, कुनब्याची, तोंडानं फटकळ. ती म्हने, तानुचा हात लागल्याबिगर आमी पाय टाकत नाई.

पाटील चिडला, शिव्या देल्या, मंग गोड बोलला. बाया हालेनात. आजूबाजूच्या गावातून वेचनारनी आनाले मानसं पाठवले, पन कापसाच्या त्या सालात वेचनारीन कुठं मोकळी सापडते? रित्या हातानं आले. सारं शिवार पांढरं फुटलेलं, अन् मेळघाटाच्या डोंगरावर ढग जमा होऊन राहिले होते. फुटल्या बोंडावर पानी पडलं की कापूस पिवळा पडते, व्यापारी हात लावत नाई.

मी स्वतः गेली त्या बायायकडे. म्हनलं, अवं, माह्या हातात काई नाई. हा हात तुमच्याच हातासारखा. जा, वेचा, पोरायच्या पोटावर काहून पाय देता? वेचनीचा वाटा कापसातच भेटे, अन् त्या साली तो वाटा म्हन्जे घरात लुगडं, मीठमिरची, सारंच. गंगूबाई म्हने, तू कोनाचाबी देव धर, तुहा हात तं तोच हाये नं? मी डोक्याले हात लावला. गावानं मले बाटली म्हनून वाळीत टाकलं, अन् गावातल्या बायायले माहाच हात पायजे. असे लोकं मी कुठं पाह्यले नाईत.

पाटलानं आधी नारळ देऊन मानूस पाठवला. मी नारळ घेतला नाई. मंग रविवारी दुपारी स्वतः आला. खोपड्यात आला नाई, वाळलेल्या वांग्याच्या वाफ्यात उभा राहिला. त्यानं त्या झाडायकडे पाह्यलं नाई, मी मात्र त्याले तिथंच उभं ठेवलं.

"उद्या सकाळी ये," तो म्हने. "पयलं बोंड तूच वेच. तुहा मान तुले देतो."

"कोन्या हातानं वेचू?"

"त्याच हातानं, दुसऱ्या कोन्या?"

"ज्या हातानं जयवंताच्या घरची भाकर मोडली तोच हात हाये हा, पाटील. त्याच्यासाठी तुमी नाडा काढून नेला. आता दुसरा हात मी कुठून आनू?"

तो म्हने, पानी देतो तुले. मी म्हनलं, मले एकटीले नाई, माह्या खोपड्यात जे बसतात त्या साऱ्यायले. तो म्हने, महारायले त्या विहिरीवर? मी म्हनलं, मंडळीले. त्यानं मान वर करून ढगाकडे पाह्यलं. मंग बरं म्हनला, अन् मी सांगतलं की उद्या नाडा खांद्यावर घेऊन वावरात या, गावादेखत द्या, घरी पाठवाचा नाई.

तो गेल्यावर मी खोपड्यात बसून हसली. पोट दुखेपर्यंत हसली. नत्थुजी म्हने, याड लागलं का तुले?

सोमवारी उजाडता उजाडता गाड्या आल्या. पुढच्या गाडीत पुंजारामजी. घराघरात गाठोडे तयार होते. मी त्याले सारं सांगतलं, मले वाटलं तो खुश होईल. त्याचं तोंड उतरलं.

"तानुबाई, हे त्या बायायच्या भोळेपनाचं पानी हाये," तो म्हने. "तुह्या हातात काई नाई हे तुले मालूम हाये. तरी तू त्याच हाताचा सौदा केला. साहेबाले मी काय सांगू, तिकडे मंडळी कशावर उभी हाये म्हनून?"

हे मले लागलं. साहेबाले काय वाटंल याची मले फिकीर नवती. पन पुंजारामजी खरं बोलत होता. मी बायायले खरं सांगतलं होतं, त्यायनं आयकलं नाई, पन आता त्याच न आयकन्यावर मी पानी भरनार होती. मी त्याच्याशी भांडली नाई, हे लिहून ठेवा, कारन मी भांडली नाई असं लय कमी वेळा झालं. जयवंताचा हात धरला अन् म्हनलं, चाल. ती म्हने, मी काहून? मी म्हनलं, चाल म्हनलं नं.

वावरात सारं गाव जमलेलं. महारवाड्यातल्या बाया नेहमीसारख्या मागं उभ्या. त्याबी वेचायच्या, पन शेवटच्या ओळीत, अन् तहान लागली की ओंजळ करून बसाचं, कोनी तरी वरून पानी ओतंल तवा प्याचं. सात खडे मांडून झाले होते. पाटलीन पार्वताबाईनं कुंकू वाहिलं, दहीभात दाखवला. तिचं ती मनापासून करत होती. मी तिच्या खड्यायले पाय लावला नाई अन् हातबी जोडले नाईत, बाजूले उभी राहिली. मनात मी माही प्रार्थना केली, लहानशी. प्रभू, आज माही जीभ अडखळू देऊ नको. पाटलाच्या खांद्यावर नाडा होता. पुंजारामजी धुऱ्यापल्याड उभा होता.

पार्वताबाई म्हने, तानु, ये.

मी पुढं गेली अन् बायायकडे तोंड केलं. "माह्या हातात काई नाई. मागं सांगतलं, तुमी आयकलं नाई. मंग आज दाखवतो. पयलं बोंड जयवंता वेचंल."

जयवंतानं माह्या लुगड्याले धरलं, म्हने, तानुबाई, मले मारतील. मी म्हनलं, मारतील तं दोघींले मारतील.

पाटील पुढं झाला. "हे ठरलं नवतं."

"तुमाले वेचनी सुरू पायजे. मले पानी पायजे. तुमाले मंडळीतला हात पायजे होता, हा मंडळीतला हात हाये. नको असंल तं गाड्या उभ्या हायेत, आमी चाललो. मंग ढगाले सांगा थांबाले."

ते गाड्यायचं मी खोटं बोलली असं समजू नका. त्या वक्ती मी खरंच गेली असती. वाळलेली वाडी, घर, सारं सोडून गेली असती, पन जयवंताले मागं ठेवून एकटीच्या हातानं ते बोंड वेचलं नसतं. हे मले तिथं उभी असतानाच कळलं, अन् कळलं तसं भेवच गेलं.

मी जयवंताच्या पाठीले हात लावून तिले पुढं ढकललं. ती वावरात शिरली. पऱ्हाटी तिच्या छातीपर्यंत होती. तिनं एक बोंड पाह्यलं, मंग दुसरं, घाई केली नाई. तिच्यासारखी वेचनारीन गावात नवती, पन शेवटच्या ओळीत कोन पाहनार? तीन बोटं घातली अन् सारा कापूस एकदम बाहेर काढला, ना पानाचा कचरा लागला, ना टोक रुतलं. मंग तो मुठीत घेऊन ती पार्वताबाईसमोर येऊन उभी राहिली.

आता पदर पसरनं पाटलिनीकडे होतं. तिनं नवऱ्याकडे पाह्यलं. तो दुसरीकडे पाहत होता. तिनं डोंगराकडे पाह्यलं, मंग वावराकडे, ते सारं पांढरं पसरलेलं. तिच्या मनात काय आलं ते मले मालूम नाई, मी तिले कधी इचारलंबी नाई. तिनं पदर पसरला. लांब धरला, हात लागू नये म्हनून.

जयवंतानं कापूस वरून सोडला. साऱ्या उमरीत तिले पानी जसं वरून भेटलं, तसाच तिनं तो वरून सोडला, अन् पाटलिनीनं पदरात झेलला.

तरी बाया हालेनात. सगळ्या गंगूबाईकडे पाहत होत्या. गंगूबाईनं जयवंताच्या हाताकडे पाह्यलं, उलटून पालटून पाह्यलं, रगत दिसते का म्हनून. मंग तिनं ओटी कमरेले बांधली अन् म्हने, "ढग पाहा वो, तोंड काय पाहता एकमेकीचं." अन् शिरली वावरात. तिच्यामागं साऱ्या. अन् महारवाड्यातल्या बाया त्या दिवशी मागं राहिल्या नाईत, जिथं जागा सापडली तिथून शिरल्या, ओळीचं कोनाले भानच नवतं.

पाटलानं नाडा खांद्यावरून काढून धुऱ्यावर आपटला. माह्या हातात देला नाई. नको देऊ, मी म्हनलं मनात, जमिनीवरून उचलाले मले लाज नाई. पन मी वाकाच्या आधी पुंजारामजीनं उचलला. त्याच्या डोळ्यात पानी होतं. त्यानं इचारलं, साहेबाले काय सांगू? मी म्हनलं, सांगा, मंडळी कामाले लागली हाये, तिले आता यायले सवड नाई. ओटी बांधून मीबी वावरात शिरली.

गाड्या रिकाम्याच गेल्या. दिवस कलताना जयवंता घागर घेऊन विहिरीवर आली, मी तिच्यासंगं. राखना मानूस बसला होता. त्यानं आमच्याकडे पाह्यलं, मंग पाठ फिरवली, जशी रोज फिरवायचा तशीच. जयवंतानं आपल्या हातानं घागर बुडवली. मिरची वाचली माही, वांगे गेले.

साहेबाले राग आला म्हनतात. त्यानं सांगून पाठवलं की असल्या खेड्यात, पाळकाबिगर, बायायच्या भरवशावर मंडळी टिकनार नाई. पन मंडळी कशी वाढली ते आयका. वेचनारनी एका गावच्या वावरातून दुसऱ्या गावच्या वावरात जातात. ओळीत हात चालू राहते अन् तोंडबी. तिथं जयवंता येशूची गोष्ट सांगे, शेन लागलं तरी जिथं तुटली तिथून पुढं सांगे, पुंजारामजीपासून शिकली होती. थंडी सरता सरता गंगूबाई खोपड्याच्या दारात येऊन बसाले लागली, म्हने, मी नुसती आयकते. मंग पलीकडच्या गावातून बोलावनं आलं, मंग त्याच्या पलीकडच्या. पुंजारामजीच्या चपला झिजल्या फिरून फिरून. साहेब जवा पयल्यांदा बोरखेडीले आला तवा खोपड्यात बसाले जागा नवती, तो बाहेर उभा राहिला. अन् आता हे कोटवाले सांगतात, साहेबानं उभी केली.

एक राहिलं. त्या साली ढग डोंगरावरच फुटले, आमच्या शिवारात थेंब पडला नाई, कापूस पांढराशुभ्र घरी गेला. पुढच्या साली सीतादहीचा दिवस जवळ आला. मी मनात जवाब तयार करून बसली होती, पाटलाचा मानूस आला की काय सुनवाचं ते. कोनी आलंच नाई. कळलं की बायायनं पाटलाले सांगतलं, आता जयवंताचाच हात पायजे. मी कपाळावर हात मारून घेतला. एवढं दाखवून काय शिकल्या, तं हात बदलला.

सीतादहीच्या आधीचा रविवार होता, अन् आमी त्या दिवशी महारवाड्यात जयवंताच्या आंगनात बसलो होतो. जयवंता उभी राहून प्रार्थना करत होती. तेवढ्यात रामराव पाटील आला, हातात नारळ घेऊन, एकटा. महारवाड्यात त्यानं उभ्या जनमात पाय ठेवला नवता. कुंपनाबाहेर उभा राहून तो खाकरला. साऱ्यायनं माना वळवल्या. जयवंतानं डोळे उघडले, त्याले पाह्यलं, अन् पुन्हा मिटले.

"पाटील, थांबा थोडे," ती म्हने. "प्रार्थना होऊ द्या."

अन् ज्यानं आमचा नाडा काढून नेला होता तो रामराव पाटील, हातात नारळ धरून, उन्हात थांबला.